गालिच्याला पडलेलं टक्कल

४ मार्च

भावोजी,

सुखरूप पोचले. लेकीचं प्लास्टर मांडीपर्यंत आहे. ती पडली कशी ते ऐका: शिडीवर कसं उभं राहू नये, ते नवऱ्याला दाखवत होती. दाखवून झालं. आता ती चालायला लागेपर्यंत मी इथून हलत नाही.

फोनवर तुम्ही 'हो वहिनी, बरं वहिनी' यापलीकडे काही बोलत नाही आणि फोन ठेवला की सगळं विसरता, म्हणून लिहिते आहे. हे पत्र स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवा.

तुमच्याकडे काम एकच. माझ्या आणि शेजारच्या क्लचमास्तरांच्या घरांमधला जो मातीचा पट्टा आहे, त्यावरचा गालिचा सांभाळायचा. गालिचा म्हणजे ते हिरवं, जाड इवल्या पानांचं, बोटभर उंचीचं आणि जमिनीला चिकटून पसरणारं. त्याचं नाव सेडम. तुम्ही त्याला शेवाळं म्हणालात ते मी विसरलेले नाही.

एप्रिलअखेर घराच्या मालकीणबाई बघायला येणार. क्लचमास्तरांनी त्यांच्या कानाशी लागून पट्टा सिमेंटचा करून मागितलाय, त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी लावायला. म्हणजे गाडी माझ्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. रोज सकाळी एकेक नवशिका येणार, गाडी सुरू करणार, बंद पाडणार, पुन्हा सुरू करणार, आणि धूर माझ्या उशीवर. अख्ख्या घरात सकाळचं ऊन येतं ते त्या एका खिडकीतून. ती मला बंद करायला लावणार हा माणूस!

मालकीणबाईंचा निवाडा सरळ आहे. पट्टा पूर्ण झाकलेला आणि खरोखर रुजलेला असेल तर गालिचा राहील. उघडी माती दिसली तर सिमेंट. 'खरोखर' म्हणजे त्या ओढून बघणार. मागे एका भाडेकरूने त्यांच्या भेटीपुरत्या कुंड्या आणून मातीत दडवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेला परत केल्या होत्या.

आता नीट वाचा. सेडमचं पाणी त्याच्या पानातच साठलेलं असतं. पान चिमटीत धरून बघा. टणक असेल तर पाणी नाही. मऊ पडलं, सुरकुतलं, तरच घालायचं, तेही सकाळी आणि एकदाच. खत नाही. वर पाय द्यायचा नाही. कात्री लावायची नाही. जन्मभर सलून चालवलंत, तुमचे हात शिवशिवणार हे मला ठाऊक आहे. स्वतःच्या मिशा कापा.

थोडक्यात, काहीही करायचं नाही. एवढं तुम्हाला जमेल असं वाटलं, म्हणून बोलावलं.

क्लचमास्तरांशी बोलायचं नाही.

— वहिनी


१३ मार्च

वहिनी, नमस्कार.

पत्र खिळ्याला अडकवलं. खिळा पडला. पत्र आता फ्रिजवर आहे आणि खिळा सापडला की कळवतो. तोवर अनवाणी फिरू नये असं मी स्वतःला बजावलं आहे.

गालिचा झकास. काही न करणं मी सकाळी उठल्याबरोबर सुरू करतो. नऊपर्यंत उत्तम जमतं. मग जरा जड जातं. तुम्हीच सांगा, खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय आणि मी हाताची घडी घालून त्याच्याकडे नुसता बघत उभा आहे, असं कधी झालंय का? तरी मी बघत उभा राहतो. परवा तर स्टूल घेऊन बसून बघितलं.

पाणी असं घातलेलंच नाही. सलूनमधला माझा फवारा आहे ना, तो फक्त मारतो. सकाळी, दुपारी, आणि दिवेलागणीला एकदा, जाता जाता. कोरड्या डोक्याला मी आयुष्यात हात लावला नाही, वहिनी. आधी ओलं करायचं, मग बोलायचं. पानं अशी चमकतात की क्लचमास्तर म्हणाले, "गालिच्याला घाम फुटलाय की काय?" म्हणजे मला नाही म्हणाले. ते मोठ्याने म्हणाले, आणि मी तिथे होतो.

तुम्ही त्यांच्याबद्दल बरंच सांगितलंत, पण त्यांच्या डोक्याबद्दल एक अक्षर नाही! उजव्या कानावर केसांची एक बट राखून ती त्यांनी थेट डाव्या कानापर्यंत नेऊन बसवली आहे. मधे सगळा माळ. वारा सुटला की एक हात स्टिअरिंगवर आणि एक डोक्यावर. नवशिके बिचारे समजतात, गाडी अशीच चालवायची असते. काल एक बाई दोन्ही बाजूंचे आरसे बघून, डोक्यावर हात ठेवून रिव्हर्समध्ये फाटकावर गेल्या.

माणूस वाईट नाही. चहा बिनसाखरेचा घेतात.

पोरीला म्हणावं, पाय हलवू नकोस. काही न करण्याबद्दल शंका असेल तर मला विचार, मला आता अनुभव आहे.

— आपला भावोजी


२० मार्च

भावोजी,

फवारा बंद. हे वाक्य वाचलंत की पत्र खाली ठेवा, फवारा उचला, त्यातलं पाणी मोरीत ओता, आणि मग पुढचं वाचा.

चमकतात म्हणे! पानं चमकत नाहीत, ती तट्ट फुगली आहेत. पाहुण्याला आग्रह करकरून वाढावं आणि तो घाम पुसत 'पुरे, पुरे' म्हणत असावा, तसं चाललंय तुमचं. त्याला कोरडं राहायला आवडतं. उन्हात, रेताड मातीत, कुणी विचारपूस न करता.

आणि क्लचमास्तर चहा बिनसाखरेचा घेतात हे तुम्हाला कसं कळलं? तेही ते मोठ्याने म्हणाले, आणि तुम्ही तिथे होतात?

लक्षात ठेवा, त्या माणसाला माझा पट्टा हवा आहे. तो तुमच्याशी गोड बोलत असेल तर ते पट्ट्यासाठी. तुम्ही पडलात भोळे. गिऱ्हाईक 'थोडेच कापा' म्हणालं की तुम्ही खरंच थोडेच कापायचात, म्हणून तर समोरचं दुकान चाललं.

इथे जावयांनी लेकीला हाक मारायला घंटा दिली आहे. ती दिवसभर वाजते. मी दारात गेले की म्हणते, "काही नाही, घंटा चालते का बघत होते."

पानाचा रंग कळवा. लगेच.

— वहिनी


२९ मार्च

वहिनी, नमस्कार.

सगळं ठीक आहे. हवा छान आहे. खिळा सापडला, डाव्या टाचेत. आता ठीक आहे. फवारा मोरीत ओतला. तुमच्या स्वयंपाकघरातली खिडकी करकरायची, तिला तेल घातलं. आता करकरत नाही, पण बंदही होत नाही. तेही एका परीने ठीकच.

एक गोष्ट सहज विचारतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. ते त्यांच्या वहिनींचं अंगण सांभाळतात. वेगळ्या वहिनी. त्यांच्याकडेही योगायोगाने सेडमच आहे. तर त्या गृहस्थांच्या गालिच्याच्या बरोबर मधोमध, जेवायच्या ताटाएवढी जागा आधी पिवळी झाली, मग तपकिरी, आणि आता बोट लावलं की फांदी विरघळल्यासारखी हातात येते. वासही बरा नाही. गृहस्थ फार हवालदिल झाले आहेत. जेवण जात नाही त्यांना. मी समजूत काढतो, पण मलाही जेवण जात नाही.

धंद्याच्या नजरेने पाहिलं तर प्रकार ओळखीचा आहे. कडेने दाट, टाळूवर गोल. पुरुषांना पडतं तेच. पण पुरुषांना पडायला वीस वर्षं लागतात हो!

त्या गृहस्थांच्याही मालकीणबाई एप्रिलअखेर यायच्या आहेत.

त्यांनी काय करावं?

— आपला भावोजी


४ एप्रिल

भावोजी,

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना सांगा की त्यांच्या वहिनी फार सोशिक आहेत असं त्यांना वाटत असेल, तर तो गैरसमज आहे.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं आणि बसले ती लेकीच्या प्लास्टरवर. तिने घंटा वाजवली. ती मात्र खरी होती.

गृहस्थांनी मुळं कुजवली आहेत. कुजलेलं सगळं उचलून टाकायचं, काडीही ठेवायची नाही, नाहीतर ते पसरतं. खालची माती खोलवर मोकळी करायची आणि तिच्यात भरड वाळू मिसळायची, म्हणजे पाणी थांबणार नाही. मग माती दोन दिवस उन्हात सुकू द्यायची. पुढचं काय करायचं, ते मला सुचत नाही. महिना हातात आहे खरा, पण तो गेल्यातच जमा. ताटाएवढी उघडी माती, तीही मधोमध! मालकीणबाई फाटकातूनच बघतील आणि सिमेंटवाल्याला हाक मारतील.

मी काल डोळा लागला तेव्हा माझ्या उशीवर एक नवशिका गियर टाकत होता.

रागावले आहे. पण जेवत जा. आणि टाचेला औषध लावा.

— वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र आलं तोवर मी एक करून बसलो आहे. गृहस्थ म्हणजे मीच. तुम्हाला कळलं असेल.

कुजकं सगळं मी आधीच काढलं होतं, कंगव्याच्या शेपटीने, एकेक फांदी बघून. माती मोकळी केली. तुमचं पत्र यायच्या आधीच भरड वाळू घातली, कारण एका जाणत्या माणसाने सांगितलं की रुतलेल्या चाकाखाली वाळूच टाकतात. माती सुकवली. पण नंतर ते जे उघडं गोल दिसायला लागलं, ते काही बघवेना. वहिनी, माझी सगळी हयात टक्कल झाकण्यात गेली. हात आपोआप निघाले.

डावीकडच्या लांब फांद्या अलगद उचलून उजवीकडे नेल्या. उजवीकडच्या डावीकडे. तरी पुढून भांग दिसत होता, म्हणून पुढच्या चार मागे वळवल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकीला दोन-तीन ठिकाणी केसांचे आकडे लावून मातीत घट्ट बसवलं. आकडे तुमच्या आरशाच्या खणातले. सगळे लागले. कात्री लावली नाही, शपथेवर सांगतो. ज्या ठिकाणी लावावीशी वाटली, तिथे मिशीला लावली. मिशी आता फारशी उरलेली नाही.

लांबून बघाल तर फसाल. क्लचमास्तर मात्र फसले नाहीत. कुंपणाशी येऊन बराच वेळ टक लावून उभे राहिले. मग म्हणाले, "जवळून बघू नये माणसाने." मी म्हटलं, "नाहीच बघू." मग आम्ही दोघंही जरा मागे सरकून बघत राहिलो.

पण ही निव्वळ लबाडी आहे हे मला कळतं. मालकीणबाईंनी ओढलं की अख्खा टोप हातात येईल. तुमची खिडकी माझ्यामुळे जाणार. म्हणाल तर मी मालकीणबाईंना आधीच सगळं सांगून टाकतो.

— भावोजी


१६ एप्रिल

भावोजी,

तोंडातून चकार शब्द काढू नका!

तुम्ही ज्याला लबाडी म्हणता, त्याला बागकामात दाब कलम म्हणतात. सेडमच्या फांदीचा सांधा मोकळ्या मातीला टेकून राहिला की तिथून मुळं फुटतात. टेकून राहायला मात्र हवा, हलता कामा नये. तुम्ही तो टोचून बसवलात. तेही वाळू घातलेल्या मातीत. मी तुम्हाला हे रीतसर समजावून सांगितलं असतं तर तुम्ही हमखास चुकला असतात. लेक म्हणते, काकांना सेडम येत नसेल, पण डोकं येतं.

आता हुरळून जाऊ नका. फुटतील असं म्हटलं, फुटली असं नाही. पेलाभर पाणी द्या, एकदाच, आणि मग लांब व्हा. फांदी ओढून बघायची नाही. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही रोज सकाळी 'जरासं' ओढून बघाल. पहिलं मूळ धाग्याएवढं असतं, तुमच्या 'जराशा'ने तुटेल. रुजलंय की नाही, हे ज्या दिवशी मालकीणबाई ओढतील त्याच दिवशी कळू दे. तुम्हालाही आणि मलाही. त्या यायच्या आदल्या दिवशी आकडे हळूच काढून घ्या. सगळे. मला इथे केस वर बांधायला जावयांच्या ऑफिसातल्या कागदाच्या क्लिपा वापराव्या लागतायत.

हे 'जाणते माणूस' कोण, ते मी विचारत नाही. पण वाळू कुठून आणलीत? आपल्याकडे वाळू नाही. शेजारी आहे.

भावोजी, तो माणूस तुम्हाला वाळू देत असेल तर त्याच्या मनात काहीतरी आहे. मालकीणबाई आल्या की पुढे होऊन म्हणेल, 'बाई, मधे ओढून बघा.' मग काय कराल?

— वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

आत्ताच मालकीणबाई गेल्या. घाईत लिहितोय, अक्षर लावून घ्या.

सकाळपासून आम्ही दोघं पट्ट्याच्या दोन टोकांना उभे. मी ओढून बघितलं नव्हतं. एकदाही नाही. दोनदा हात पुढे गेला होता, तो मी पाठीमागे बांधून ठेवला, तुमच्या ओढणीने. क्लचमास्तर इस्त्रीचा शर्ट घालून, मोजपट्टी घेऊन तयार. वारा सुटलेला, त्यामुळे एक हात डोक्यावर.

मालकीणबाई आल्या. छत्री टेकत टेकत इकडून तिकडे गेल्या, तिकडून इकडे आल्या.

"दिसतंय छान," म्हणाल्या. "दिसायला त्या कुंड्याही छान होत्या."

आणि वाकल्या. एवढा लांब पट्टा पडलाय, कडेला वाकायचं, फाटकाशी वाकायचं. नाही. बरोबर मधोमध! धंद्यात हेच बघत आलो मी. जिथे झाकलेलं असतं तिथेच माणसाचा हात जातो.

तुमचं पत्र आठवलं. आता हा पुढे होणार आणि काहीतरी बोलणार. आणि खरंच, क्लचमास्तर पुढे झाले. आणि ओरडले, "नका ओढू, बाई!"

मालकीणबाई वाकलेल्याच राहिल्या. "का बरं? तुम्हालाच हवाय ना पट्टा?"

"हवाय," ते म्हणाले. "पण असं कुणाचं ओढून बघू नये. माणसाची... म्हणजे झाडाचीही इज्जत असते."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यावरच्या हाताकडे. मग गालिच्याकडे. आणि ओढलं.

हातात आकडा आला. मी सगळे काढले होते, वहिनी, दोनदा चाचपून. एक राहिला.

"हे काय?"

"आकडा," मी म्हटलं.

"झाडाला?"

"नवीन होतं तेव्हा लावला होता. आता गरज नाही." हे मी बोललो खरा, पण माझा मलाच भरवसा नव्हता.

"नाही ना गरज? बघू या," म्हणून त्यांनी छत्री माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी मूठभर फांद्या धरल्या आणि मागे झुकून खेचल्या. फांद्या ताणल्या. मालकीणबाई ताणल्या. क्लचमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मी छत्री उघडली, का ते विचारू नका. आणि खाडकन आवाज होऊन मालकीणबाई मागच्या मागे बसल्या, तुमच्या पायरीवर. त्यांच्या मुठीत फांदीचा एक तुकडा, तुकड्याला मातीचं ढेकूळ, आणि ढेकळातून पांढरी शुभ्र मुळं, दाढीच्या खुंटासारखी, चहूबाजूंनी. बाकीचा गालिचा जिथल्या तिथे. ढिम्म हलला नाही!

"रुजलंय की हो," त्या म्हणाल्या.

मी उघड्या छत्रीआड डोळे पुसून घेतले.

सिमेंट नाही, वहिनी. गाडी फाटकाजवळ लागणार, तिथे धूर तुमच्याकडे येत नाही, मी उभा राहून वारा बघितला. तो तुकडा मालकीणबाई रुमालात बांधून घेऊन गेल्या, त्यांच्या अंगणासाठी. पाणी किती घालायचं विचारत होत्या. मी म्हटलं, "माझ्याएवढं नको."

त्या गेल्यावर क्लचमास्तरांनी मोजपट्टी गुंडाळली. वाळू त्यांचीच. नवशिक्यांनी चुकवायला ते वाळूची पोती उभी करतात, त्यांना पादचारी म्हणतात, एकाला टोपीही आहे. त्यातला एक पादचारी फाटला होता, तो त्यांनी मला दिला. मनात काही नव्हतं त्यांच्या. पट्टा हवाच होता, पण माझा कोमेजलेला चेहरा बघवत नव्हता म्हणे.

मी विचारलं, "नाराज आहात का?"

"पट्टा गेला," ते म्हणाले. "पण बाजूने ओढून आणलेल्याला मुळं फुटतात, हे या डोळ्यांनी बघितलं." डोक्यावरची बट सारखी केली. मग हळूच, "माणसाला...?"

"नाही हो."

"बरं. विचारून ठेवलं."

— तुमचा भावोजी


६ मे

भावोजी,

पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. जावयांनी मोठ्याने वाचलं. 'मालकीणबाई ताणल्या' इथे लेक अशी हसली की पाटावरून पाय घसरला, आणि पुढे वाचू नका म्हणून ओरडायला लागली, आणि मग पुढे वाचा म्हणून. मी उठून आत गेले. मला तसं चारचौघांत बसवेना. खिडकी राहिली माझी.

क्लचमास्तरांबद्दल मी जे जे लिहिलं, ते त्यांना दाखवलं नसेल अशी आशा आहे. त्यांना सांगा, पट्ट्याच्या त्यांच्या अंगाला थोडा गालिचा मीच लावून देते. आल्यावर. तुम्ही मधे पडू नका.

प्लास्टर शुक्रवारी निघेल. मी त्यानंतर दोन दिवसांत निघते. स्टेशनवर या, सामान फार आहे, ती घंटाही लेकीने मला दिली आहे.

आता एक काम सांगते, ते कुणाजवळ बोलू नका. वर्ष झालं, माझा भांग रुंद होत चाललाय. पुढून तर आता चांगलाच दिसतो. मी तो इकडून तिकडून ओढून झाकते, त्यासाठीच ते एवढे आकडे. तुम्ही घरात येऊन-जाऊन असता, तुम्हाला दिसलाच असणार, आणि तुम्ही कधी एका शब्दाने बोलला नाहीत. डोक्याला नवी मुळं फुटत नाहीत हे मला ठाऊक आहे, क्लचमास्तरांसारखं मी काही विचारून ठेवत नाही. मला ते झाकून झाकून कंटाळा आलाय. आल्या दिवशी माझे केस कापा. आखूड, मानेपर्यंत. थोडेच कापा असं मी म्हटलं, तर ऐकू नका.

खुर्ची त्या खिडकीपाशी मांडा. सकाळी लवकर बसू, तेव्हा तिथे ऊन चांगलं येतं. फवारा हवा तेवढा मारा.

— वहिनी